पेटव म्हणणारी माणसं

आमच्या धाकट्या भाऊजींनी उभा जन्म लोकांचे दात केले. कवळ्या बनवायचे ते. दवाखान्याच्या मागे एक अरुंद खोली होती. तिथे खिडकीखालच्या फळीवर लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे ओळीनं मांडलेले असायचे. मी डबा द्यायला गेले की ते सगळे जबडे माझ्याकडे बघून हसायचे. भाऊजी म्हणायचे, "वहिनी, तो कडेचा बघा, बँकेचा मॅनेजर आहे. बँकेत कधी हसला नाही, इथे मात्र थांबतच नाही."

लग्न केलं नाही त्यांनी. सासूबाईंनी मुली दाखवून दाखवून चपला झिजवल्या, पण ह्यांचं आपलं एकच, बघू. बघता बघता केस पांढरे झाले. आमचे हे गेल्यावर भाऊजी मागच्या खोलीत राहायला आले, येताना एक ट्रंक कपड्यांची आणि बाकी सगळे स्टो.

हो, स्टो. पितळी टाकीचे, पंप मारायचे, रॉकेलवर चालणारे. ज्या वस्तूपासून आम्ही बायका एकदाच्या सुटलो, ती हौसेनं घरात आणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. माझी अर्धी जवानी त्या स्टोपुढे गेली. काकडा पेटवायचा, बर्नर तापेपर्यंत वाट बघायची, मग पंप. पिन मारताना हात भाजायचा. ज्योत पिवळी झाली की भांडी काळी, आणि भांडी काळी झाली की सासूबाईंचं तोंड. ते तर चालायचंच. भीती टाकीची होती. खालच्या मजल्यावर एकदा टाकी फुटली, तेव्हा त्या घरच्या सुनेला चादरीत गुंडाळून नेताना मी जिन्यात भिंतीला चिकटून उभी होते. ती परत आली नाही. गॅस आला त्या दिवशी मी आमचा स्टो भंगारवाल्याला दिला आणि वर हात धुतले.

आणि हे भाऊजी भंगारवाल्याकडूनच विकत आणायचे. घासायचे, पुसायचे, वायसर बदलायचे, खिडकीत ठेवून बघत बसायचे. मी म्हटलं, भाऊजी, बायको आणली असतीत तर ती तरी स्वतःहून पेटली असती. हसले. मनाला लावून घ्यायचे नाहीत ते.

मग माझ्या सुनेनं त्यांना तिचा जुना कॉम्प्युटर दिला आणि त्यातून त्यांना ते मंडळ सापडलं. ते लोक त्याला फोरम म्हणायचे, मी मंडळच म्हणते. जगात कुठे कुठे पसरलेली आपल्या भाषेतली माणसं, सगळ्यांना एकच वेड, जुने स्टो. कोणी बर्फाच्या देशातला, कोणी वाळूच्या. खरी नावं कोणी सांगायचं नाही. भाऊजींचं नाव तिथे 'कवळी'. एवढं चांगलं नाव आईबापांनी ठेवलेलं असताना.

सोन्यासारखे दिवस होते ते. भाऊजी संध्याकाळी कामावरून आले की चहाचा कप घेऊन कॉम्प्युटरपुढे बसायचे आणि मला वाचून दाखवायचे. मी दारात बसून भाजी निवडायची. कोणाला बापाच्या माळ्यावर स्टो सापडलेला असायचा. कोणाची बायको म्हणायची, घरात एक तर तो स्टो राहील नाही तर मी, आणि त्यावर मंडळातले सगळे मिळून स्टोच्या बाजूनं मतं द्यायचे. दर रविवारी दुपारी जो तो आपापल्या घरी स्टो पेटवायचा आणि निळ्या ज्योतीचा फोटो टाकायचा. इतके फोटो यायचे की भाऊजींचा चहा गार व्हायचा. आयुष्यात ज्या माणसाला कोणी जेवायला बोलावलं नव्हतं, त्याला 'कवळीकाका, आज दिसला नाहीत' म्हणून विचारणारी माणसं मिळाली.

मंडळाचा एक रिवाज होता, तो सांगायला हवा. दुरुस्त केलेला स्टो कोणीही आपल्या मनानं पेटवायचा नाही. सगळ्या बाजूंनी फोटो टाकायचे, जुन्या जाणत्यांपैकी तिघांनी ते बघायचे, आणि तिघांनीही 'पेटव' असं लिहिलं की मगच काडी लावायची. दोघांचं चालत नसे. आणि एकदा दिलेला पेटव मागे घ्यायचा नाही. कोणीतरी भांडणापायी रागानं मागे घेतला होता म्हणे, तेव्हापासून तसं ठरलं. ह्या रिवाजामुळे इतक्या वर्षांत एकाचंही बोट भाजलं नव्हतं. मला ते ऐकून बरं वाटायचं. आमच्या वेळी असं विचारायला कोणी असतं तर, असं मनात यायचं.

शेवटी शेवटी जाणते म्हणून तिघंच उरले. एक आमचे भाऊजी. दुसरे मास्तर, चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, स्वभावानं खाष्ट. कोणी कितीही चांगले फोटो टाकले तरी मास्तर विचारणार, "बुडाचा फोटो कुठाय? बाजूनं उजेड पाडून काढलेला?" टाकीचं बूड जरा जरी फुगलेलं असलं तर उजेडात सावली पडते म्हणे. आणि तिसरी चिमणी. ती भाजलेल्यांच्या वॉर्डात नर्स होती. सगळ्यांना बाळा म्हणायची, साठीच्या माणसालासुद्धा.

मग माणसं गळायला लागली. मोबाइल आले, त्यावर दुसरे गट निघाले. तिथे कोणी पेटव मागत नाही, कोणी देत नाही. पेटवायचं, व्हिडिओ टाकायचा, अंगठे मोजायचे. भाऊजी रविवारी आपला फोटो टाकून बसायचे आणि खाली दोनचार उत्तरं यायची, मग एखादं, मग तेही नाही.

मास्तर गेले तेव्हा त्यांच्या मुलीनं भाऊजींना फोन केला. म्हणाली, बाबांचे सगळे फोटो तिथे आहेत, ते सांभाळा, हा त्यांचा पासवर्ड. पुढे चिमणीनं स्वतःच फोन केला. अक्षरं ओळखू येईनाशी झाली होती तिला, थोड्या दिवसांनी माणसंही येईनाशी झाली. तिनंही आपला पासवर्ड भाऊजींच्या हवाली केला. दोन घरांच्या किल्ल्या सांभाळायला दिल्यासारख्या त्या दोन चाव्या ह्या एकट्या माणसाकडे आल्या. मला तेव्हा त्यात वावगं काही वाटलं नाही.

त्याच सुमारास भाऊजींची नजर गेली. सगळी नाही. मधोमध काळा डाग आला. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. त्यांनी सांगितलं नाही कोणाला. चहा कपाच्या बाहेर ओतला तेव्हा मला कळलं. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार. कवळ्यांचं काम सुटलं. कॉम्प्युटरवर मात्र बसायचे, अक्षरं हातभर मोठी करून, मान तिरकी करून, कोंबडी दाणा बघते तसे.

एका शनिवारी संध्याकाळी मी शेंगा सोलत होते आणि भाऊजी खुशीत होते. मंडळात कित्येक महिन्यांनी कोणी नवं आलं होतं. एक मुलगी, नाव घेतलं होतं 'नवी वात'. आईचा स्टो. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. उद्या दुपारी सगळी भावंडं, मामा-मावश्या घरी जमणार, तेव्हा जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवून तो पेटवायचा, आईचा आवाज ऐकल्यासारखं होईल, असं तिनं लिहिलं होतं. भाऊजी वाचताना दोनदा थांबले.

"मग दिला का पेटव?" मी विचारलं.

"मी दिला. चिमणीनंही दिला, 'पेटव बाळा' म्हणाली. आत्ताच मास्तरांनी दिला."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. आधी मला वाटलं, जुनंच काहीतरी वाचताहेत. अधूनमधून वाचायचे तसं. मास्तरांचा एखादा जुना टोमणा वाचून हसायचे, मीही हसायचे. पण ही मुलगी तर आजची.

"भाऊजी, मास्तर गेले ना हो?"

"गेले," ते म्हणाले. "पण मत त्यांचंच आहे, वहिनी. ते काय म्हणाले असते, ते मला माहीत नाही का?"

इतक्या सहज म्हणाले, जसं मी विचारावं दूध आलं का आणि त्यांनी म्हणावं आलं. मग माझ्या लक्षात आलं की गेले कित्येक महिने मी दारात बसून ज्या गप्पा ऐकत होते, मास्तर असे म्हणाले, चिमणीनं त्यांना कसं गप्प केलं, त्या सगळ्या गप्पा ह्या एका खोलीत, एका खुर्चीवर चालल्या होत्या. मास्तरांच्या टोमण्यावर भाऊजी पोट धरून हसायचे. तो टोमणा मारलेला ह्यांनीच. तरी बोलले नाही. एकटा माणूस आहे, म्हटलं, कोणाचं काय बिघडतंय.

बिघडत होतं ते रात्री नाही, सकाळी सुचलं मला. रविवारी सकाळी चहा ठेवला आणि गॅसच्या ज्योतीकडे बघता बघता मास्तरांचा नेहमीचा प्रश्न आठवला. चहा तसाच टाकून मी मागच्या खोलीत गेले.

"भाऊजी, मास्तरांनी बुडाचा फोटो मागितला नाही काल."

ते अंथरुणाची घडी घालत होते. थांबले.

"फोटो होता," म्हणाले. "जरा अंधारा होता."

"तुम्हाला दिसलं बूड?"

त्यांनी चादरीची टोकं जुळवली.

"मास्तर असते तर सोडलं असतं?"

घडी घातलेली चादर त्यांनी उलगडली आणि पुन्हा घालायला घेतली. मग म्हणाले, "मागच्या खेपेला एकाला मास्तरांनी तीनदा फोटो मागितले. तो चिडून निघून गेला, परत आला नाही. ही पोरगी पण गेली असती. मग मंडळात राहतंय कोण? म्हणून मास्तरांना मी जरा मऊ केलं."

मला जिन्यातली ती चादर दिसत होती. बहुतेक माझा चेहरा त्यांना डोळ्याच्या कडेनं दिसला असावा, कारण ते उठले आणि कॉम्प्युटर लावला.

आधी त्यांनी मास्तरांच्या नावानं लिहिलं, थांब, बुडाचा फोटो पुन्हा पाठव. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत. मुलीचं उत्तर लगेच आलं. तोवर भाऊजींना इतका घाम आला होता की वाचता येईना, ते मी वाचलं. मी चौथीपर्यंत शिकलेली, माझं वाचन म्हणजे बैलगाडी. तिनं लिहिलं होतं की मास्तर, दिलेला पेटव मागे घ्यायचा नाही हा नियम तुम्हीच सांगता ना, आणि पुढे हसरं तोंड काढलं होतं. मग भाऊजींनी चिमणीच्या नावानं लिहिलं, बाळा, आज नको. मग स्वतःच्या नावानं, मला शंका येते आहे.

बराच वेळ काही नाही. मग आलं ते असं. काल तिघांनी हो म्हटलं, आज तासाभरात तिघंही नाही म्हणताहेत, हे खरं वाटत नाही. कोणीतरी तुम्हा तिघांची नावं चोरून लिहितं आहे. काका, मास्तर, चिमणीताई, तुम्ही सावध व्हा. मी कालच्या खऱ्या तिघांचं ऐकणार. पाहुणे यायला लागलेत, आता जाते.

कालची तिघं खरी. मी ते पुन्हा वाचलं, मला वाटलं वाचनात चूक झाली. चूक नव्हती.

भाऊजी हात मांडीवर ठेवून बसले होते. मी म्हटलं, सांगून टाका तिला. ते म्हणाले, "वहिनी, सांगितलं की मास्तर मरतील."

"मास्तर मेलेतच, भाऊजी."

"तिथे नाही."

म्हातारा माणूस लहान मुलासारखं बोलतो तेव्हा त्याला रागवावं की कुशीत घ्यावं कळत नाही. मी दोन्ही केलं नाही. घड्याळ बघितलं आणि म्हटलं, "टेबलाभोवती पोरं बसली असतील तिच्या."

तेव्हा त्यांनी लिहायला घेतलं. नुसतं सांगून ती मानणार नाही हे त्यांना कळलं होतं. म्हणून त्यांनी एकच वाक्य तीन तुकडे करून लिहिलं. मास्तरांच्या नावानं लिहिलं, 'आम्ही'. त्यातून बाहेर पडून चिमणीच्या नावानं शिरले आणि लिहिलं, 'तिघं नाही'. मग स्वतःच्या नावानं, 'एकच माणूस आहोत'. आणि पुन्हा फिरून मास्तरांच्या नावानं, 'मी कधीच गेलो आहे'. चिमणीच्या नावानं, 'मला आता काही आठवत नाही'. आणि शेवटी आपल्या नावानं, 'मला डोळ्यांनी दिसत नाही. तुझ्या टाकीचं बूड मी पाहिलेलं नाही. पेटवू नकोस'.

मी शेजारी उभं राहून ते एकाखाली एक उमटताना बघत होते. तीन नावं, तीन छोटी चित्रं, मास्तरांचा चष्मा, चिमणीची चोच, ह्यांची कवळी, आणि बोलणारं तोंड एक. भरदिवसा, खिडकीतून ऊन आलेलं असताना मला त्या खोलीत उभं राहवेना.

उत्तर आलं नाही. दुपार झाली. सुनेनं जेवायला हाक मारली, दोघंही गेलो नाही. रस्त्यावर कुठे काही पडलं, आपटलं, की भाऊजी दचकायचे, जशी ती टाकी आमच्याच गल्लीत फुटणार होती. ऊन भिंतीवरून जमिनीवर उतरलं तेव्हा मुलीचं आलं. तिनं पेटवला नव्हता. काडी हातात होती तेव्हा धाकट्या भावानं सहज फोन बघितला. मग मामानं टाकीतलं रॉकेल ओतून काढून पाणी भरलं आणि मोरीत नेऊन पंप मारला. बुडाच्या जोडातून पाण्याची चिळकांडी उडाली, भिंत भिजली. तिनं एवढंच लिहिलं. आभार नाहीत, शिव्या नाहीत. पुन्हा आली नाही ती.

मी देवाला हात जोडले. म्हटलं, सुटलो.

पण मंडळात इतकं मोठं काही घडलं की झोपलेली माणसंही जागी होतात. एकेक जुनी नावं वर आली. कोणी मास्तरांसाठी हळहळलं, कोणी चिमणीचा पत्ता मागितला. भाऊजींना कोणी वाईट बोललं नाही. वाटलं असतं, सोन्याचे दिवस परत आले. मी वाचत होते आणि भाऊजी ऐकत होते, आता सगळं मीच वाचते. त्यात एकानं अगदी साधेपणानं विचारलं, "काका, मग मागे माझ्या स्टोला तिघांनी पेटव दिला होता, तो कोणी दिला?"

भाऊजींचा हात चहाच्या कपाकडे जात होता. तो मध्येच राहिला.

किती जणांना दिला असेल, डोळे गेल्यापासून? त्यांना सगळे आठवत होते. फार नव्हते, पण होते. आम्ही एकेकाला कळवलं, पेटवू नका, पाणी भरून बघा. त्यांनी सांगायचं, मी अक्षर अक्षर दाबायचं. उत्तरं येत गेली. एकानं स्टो कधीच विकला होता. एकाचा पोरांनी मोडला होता. एक रोज पेटवत होता, काही झालं नव्हतं, तरी घाबरून त्यानं तो विहिरीत टाकला. एकेक नाव सुटत गेलं तसा भाऊजींचा श्वास मोकळा व्हायचा.

एक राहिला. नाव 'टेकडी'. टेकडीवरच्या घरात आईबरोबर राहायचा. तिथे वादळात वीज जायची, सरपण भिजायचं, म्हणून त्याला स्टो नुसता शोभेला नको होता, रोजच्या रांधण्याला हवा होता. तिघांचा पेटव मिळाल्यावर त्यानं खाली लिहिलं होतं, "उद्या पेटवतो. फोटो टाकतो."

त्यानंतर त्याचं काहीच नाही. ना फोटो, ना शब्द. त्याचं खरं नाव कोणालाच माहीत नाही. कुठली टेकडी, कुठला देश, तेही नाही. मंडळातले म्हणतात, काका, लोक येतात आणि जातात, तोही मोबाइलवरच्या गटात गेला असेल. असेलही. मंडळातले बहुतेक सगळे तसेच तर गेले. मी भाऊजींना तेच सांगते. ते हो म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, ऑफिसला निघाल्यासारखे खुर्चीवर येऊन बसतात. मी कॉम्प्युटर लावते. ते विचारतात, "आलं का?"

खरं सांगायचं तर एकदा माझ्या ओठावर आलं होतं. आलं म्हणून सांगावं. आम्ही दोघं बरे आहोत, आई विचारते आहे तुम्हाला, असं काहीतरी वाचल्यासारखं करावं. त्यांना पडदा दिसत नाही, मजकूर कोण ताडून बघणार? म्हातारपणी एका माणसाला शांत झोप लागली तर बिघडलं काय? मी चष्मा पुसला, पुढे वाकले, घसा साफ केला.

तेवढ्यात भाऊजी म्हणाले, "वहिनी, आलं नसेल तर आलं म्हणून वाचू नका. ते कसं करतात, मला माहीत आहे."

मी चष्मा काढून पदरात ठेवला. "नाही आलं," म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. मग सदऱ्याची बटणं चाचपत, "उद्या बघू."

तेव्हापासून रोज सकाळी हेच. मी दाराशी भाजी निवडायला बसायच्या आधी पडद्यावर त्या टेकडीवाल्याची ती ओळ बोट ठेवून वाचते, खाली काही नवं उमटलं आहे का बघते, आणि भाऊजींना नाही म्हणून सांगते.